बियाचं झाड

राजेश्वरीनं अर्ज आधीच भरून आणला होता. अनसूया नारायण जगदाळे, वय एकसष्ट, शाहूपुरी, सातारा. सगळं स्वच्छ, कॉलेजात शिकवणाऱ्या बाईच्या अक्षरात. सभासदत्वाचा प्रकार या ओळीपुढे दोन चौकटी होत्या, पूर्ण आणि कौटुंबिक. खूण दुसरीत होती. त्याखाली लागवडीचा तपशील: अ‍ॅव्होकाडो, जात मडिकेरी, कै. नारायणराव जगदाळे यांचे झाड. “काकू, तुम्ही फक्त सही करायचीय,” राजेश्वरी म्हणाली आणि टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. अनसूयानं पेन धरलं, पण हात कागदाकडे गेला नाही. अंधारात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली सपाट फरशी लागावी, तसं तिला झालं. डॉक्टर धैर्यशीलांच्या गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली अठरा खुर्च्या मांडल्या होत्या. कठड्याच्या कडेनं ड्रमात रामबुतान, लोंगन, जबोटिकाबा अशी परदेशी फळझाडं. समोर अजिंक्यतारा ढगात कंबरेपर्यंत बुडालेला. अनवट फळ मंडळाची ऑगस्टची बैठक सुरू व्हायला अजून दहा मिनिटं होती आणि माणसं चपला काढून येत होती. “वहिनी, बसा की,” डॉक्टर म्हणाले. “नारायणरावांचीच खुर्ची आहे ती.” खुर्च्या सगळ्या सारख्याच होत्या.

“कौटुंबिक म्हणजे काय गं?” तिनं विचारलं. तिला ते माहीत होतं. “म्हणजे तुम्ही प्रत्येक बैठकीला यायचं, फळ चाखायचं, सहलीला यायचं. फक्त मत नसतं, आणि कुणाकडे कलमाची काडी मागता येत नाही. काकांच्या जागी तुम्ही आहातच ना आम्हाला.” अनसूयानं मान हलवली. मंडळाची बैठक वर्षातून एकदा तिच्या घरी व्हायची तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात, फडक्याला हात पुसत, सगळं ऐकायची. कलमासाठी खालचा खुंट किती जाड असावा, काडी झाडावरून कधी उतरवावी, सातारच्या पावसात अ‍ॅव्होकाडोची मुळं कशी कुजतात. त्या माणसांचं अर्धं बोलणं चुकीचं असायचं. मुळं पावसानं कुजत नाहीत, पाणी उभं राहिल्यानं कुजतात. तिनं झाडाच्या उताराकडच्या अंगाला विटांचे तुकडे भरून चर काढला होता तो कुणाला न विचारता. पण दारात उभं राहून असं बोलता येत नाही. दारातून फक्त चहा विचारता येतो. जिथं आपल्याला येणारी एकमेव गोष्ट बोलली जाते तिथं एकदा खुर्चीवर बसून बोलावं, एवढंच तिला हवं होतं. नारायण गेल्याला आठ महिने झाले होते. त्याच्या वर्षश्राद्धापर्यंत थांबावं असं मुलगी म्हणत होती. अनसूया थांबली नाही, आणि ‘मला सभासद व्हायचंय’ हे वाक्य तिनं कुकरच्या शिट्ट्यांमध्ये पुष्कळदा म्हणून पाहिलं होतं. त्या वाक्यात कौटुंबिक हा शब्द नव्हता.

“आणि पूर्ण?” राजेश्वरीनं पिशवीतून मंडळाची नोंदवही काढली. “त्याला स्वतःच्या हातचं झाड लागतं, काकू. वंशासकट. खुंट कुठला, काडी कुठली, कलम कुणी केलं, जोड किती उंचीवर आहे. आणि नियम क्रमांक तीन: बियापासून आलेलं झाड चालत नाही. नाहीतर काय, कुणीही कोय पुरेल आणि जात म्हणून सांगेल.” ती हसली. “काकांची नोंद बघा ना, किती व्यवस्थित आहे,” म्हणून तिनं नोंदवही अनसूयाच्या मांडीवर ठेवली आणि चहाचं बघायला जिन्याकडे गेली.

नोंदवही जाड, निळ्या पुठ्ठ्याची. अनसूयाला तिचं वजन ओळखीचं होतं. नारायण कार्यवाह असताना दोन वर्षं ती घरी टीव्हीखालच्या कप्प्यात असायची. तिनं कधी उघडली नव्हती. त्याच्या वस्तू ती पुसायची, उघडायची नाही. ती सवय एकदम लागली नव्हती. लग्नानंतर पहिल्या महिन्यात तिनं त्याची एक फाइल नीट लावून ठेवली होती, तर तो चार दिवस तिच्याशी बोलला नव्हता. ओरडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो जेवायचा, ताट घासायला नेऊन ठेवायचा, दिवे बंद करायचा, आणि त्याच्याभोवती थंड पाण्यासारखं काहीतरी घरभर पसरायचं. कडेगावला तिच्या माहेरी बापये ओरडायचे, ताट फेकायचे, आणि तासाभरानं हाक मारायचे. तिला त्याची भीती नव्हती. या पाण्याची होती.

त्याची सांगलीला बदली झाली ते बारा वर्षांपूर्वी. विश्रामबागेत एक खोली, सोमवारी पहाटेची एसटी, शनिवारी संध्याकाळी परत. त्याच्या आदल्या वर्षी तिचा भाऊ आकाराम पलटणीतून सुट्टीवर आला होता. कुन्नूरहून येताना त्यानं पिशवीभर अ‍ॅव्होकाडोची फळं आणली होती, तिकडं त्याला बटर फ्रूट म्हणतात म्हणून. घरात कुणाला आवडली नव्हती. अनसूयानं एक बी धुऊन कुंडीत खोचलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. बी हातात भरीव लागलं, फेकवेना. वर्षभरात करंगळीएवढं रोप झालं, ते तिनं अंगणात लावलं. मग फेब्रुवारीत नारायण मडिकेरीला जाऊन आला. तिथल्या एका म्हाताऱ्या मळेवाल्याकडे एकच झाड होतं, आणि मंडळातले लोक त्या झाडाबद्दल देवळातल्या मूर्तीबद्दल बोलावं तसं बोलायचे. तीन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून त्यानं आणल्या. दोन वाळल्या. तिसरी त्यानं अंगणातल्या रोपाचं डोकं उडवून तिथं पाचर मारून बसवली, पट्टी गुंडाळली, वर प्लॅस्टिकची टोपी घातली, आणि सोमवारी जाताना म्हणाला, “जोडाखाली जे फुटेल ते रोज नखानं खुडायचं. एक दिवस चुकलीस तर सगळा रस तोच खाईल.” ती रोज खुडत होती. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात टोपीच्या आत काडी काळी पडली. बुधवार होता. तिनं टोपी काढली, काडीला बोट लावलं, आणि ती दिव्याच्या जळक्या वातीसारखी मोडून हातात आली. शनिवार यायला तीन दिवस होते. तिनं काहीच ठरवलं नाही. फक्त टोपी परत घातली, आणि गुरुवारी सकाळी जोडाखाली जो कोंब दिसला तो खुडला नाही. कोंब जोराचा होता. पंधरा दिवसांत त्यानं वळण घेऊन काडीची जागा धरली, तिनं त्याला काठीला बांधलं, आणि पट्टी पुन्हा गुंडाळली, थोडी वरपर्यंत. नारायण शनिवारी दिवेलागणीला यायचा, वरून बघायचा. “धरली,” तो एका शनिवारी म्हणाला. त्या रात्री तो जेवताना बोलत होता. सांगलीच्या ऑफिसातल्या गमती, कृष्णेचं पाणी, गणपतीच्या देवळाजवळ मिळणारे पेढे. तिला आठवत होतं, तिनं त्याला दुसऱ्यांदा भात वाढला होता.

सातव्या वर्षी फळ लागलं. मडिकेरीचं फळ लांब मानेचं असतं म्हणत. हे गोल होतं. हवामानानं आकार बदलतो, असं नारायणनं बैठकीत सांगितलं आणि कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या नानासोंनी ते पुढं सगळीकडे स्वतःचं मत म्हणून सांगितलं. शाल आली, नारळ आला. त्या झाडाच्या काड्या उतरवून साताऱ्यात, रहिमतपूरला, सांगलीत, कुंडलला अकरा घरी कलमं झाली. प्रत्येक वेळी कुणी पाहुणा खोडाजवळ वाकला की अनसूयाचं तोंड कोरडं पडायचं.

नारायणची नोंद चोपन्नाव्या पानावर होती. त्याचं अक्षर, बारीक, उजवीकडे झुकलेलं. खुंट: घरचे रोप. काडी: मडिकेरी. कलम: स्वतः. त्यापुढे जोड. इतर पानांवर या रकान्यात लोकांनी मापं लिहिली होती, वीतभर, नऊ इंच, एक फूट. नारायणनं लिहिलं होतं: मातीच्या भरीखाली, दिसत नाही.

तिनं ते परत वाचलं. मग आजूबाजूची पानं चाळली. दुसऱ्या कुणाचाही जोड मातीखाली नव्हता. असणारच नाही, जोड मातीत गेला की काडीला स्वतःची मुळं फुटतात, कलम कुजतं, हे पहिल्या बैठकीत नवख्यांना सांगतात, आणि सांगणारा बहुतेक वेळा नारायणच असायचा. दुसऱ्यांच्या अंगणात जाऊन तो बोटानं माती उकरून जोड मोकळे करायचा. आणि स्वतःच्या झाडाला त्यानं दुसऱ्या जूनमध्ये चार दिवस रजा काढून माती घातली होती. मुळं उघडी पडलीत म्हणाला होता. घमेली तिनंच उचलून दिली होती. प्रत्येक घमेल्यासरशी तिला बरं वाटत होतं. आता कुणाला दिसणार नाही, देवानंच बुद्धी दिली. दहा वर्षं ती त्या योगायोगाचे आभार मानत आली होती. माती घालण्याआधी त्यानं पट्टी सोडली असणार. वर्षभरानं ती सोडावीच लागते, नाहीतर खोडाला करकोचा पडतो. पट्टी सोडली म्हणजे जळक्या काडीचं बुडखं दिसलं, त्याच्या खालून निघालेला कोंब दिसला. शिकाऊ माणसालाही कळेल. त्याला कळलं होतं. आणि तो घरात आला होता, हातपाय धुतले होते, चहा मागितला होता.

त्यानं कुणाला सांभाळलं? ती गच्चीवरच्या माणसांकडे बघत होती आणि तिला कुणी नीट दिसत नव्हतं. तिला सांभाळलं म्हणावं तर एकदा, एका रात्री, दिवा मालवल्यावर तो म्हणू शकला असता की मला ठाऊक आहे. एवढ्या एका वाक्यानं तिची दहा वर्षं सुटली असती. पाहुणा वाकायचा, तिचं तोंड कोरडं पडायचं, आणि नारायण समोर बसून कपाच्या कडेवरून तिच्याकडे बघायचा. ती समजत होती, त्याला कौतुक ऐकायचंय म्हणून तो बघतोय. सत्काराला उत्तर देताना तो म्हणायचा, घरच्यांचं सहकार्य आहे. लोक टाळ्या वाजवायचे. ती दारात हसायची. न बोलण्याचे ते चार दिवस संपलेच नव्हते तर. तिला कळलं नव्हतं इतकंच.

बैठक सुरू झाली. मंडळाची रीत ठरलेली होती. जितकी माणसं तितके तुकडे; पहिला तुकडा वयानं मोठ्याला; मग दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही; मग उजवीकडून एकेकानं चव सांगायची. बिया स्टीलच्या वाडग्यात जमा करायच्या आणि यजमानानं त्यांच्यावर उकळतं पाणी ओतायचं. बी कुणाच्या घरी जाऊन उगवू नये म्हणून. अनसूयानं आणलेली चार फळं डॉक्टरांनी कापली. दोन मिनिटं पत्र्यावर पावसाची भुरभूर वाजत राहिली.

“लोणी,” डॉक्टर म्हणाले. “दुसरा शब्द नाही.”

“शेवटाला जरा अक्रोडासारखं लागतं,” राजेश्वरी म्हणाली.

नानासोंनी डोळे मिटले होते. “मडिकेरीची चव लपत न्हाई,” ते म्हणाले. “रगतात असावं लागतं ते. नारायणराव गेले, पण जिभंवर ठिवून गेले बगा.”

डॉक्टर किटली आणायला उठले. वाडग्यात चार बिया होत्या, तपकिरी, ओल्या.

“हे मडिकेरी नाही,” अनसूया म्हणाली.

आपला आवाज मोठा आला की लहान, तिला कळलं नाही. “काय म्हणालात वहिनी?” डॉक्टर वळून म्हणाले. “काडी मेली होती. पहिल्याच उन्हाळ्यात. खालून जे फुटलं ते मी वाढवलं. बी माझ्या भावानं कुन्नूरहून आणलं होतं. मी लावलं. हे बियाचं झाड आहे.” मग तिनं, का कोण जाणे, जोडून सांगितलं, “माझं आहे.”

कुणीतरी खुर्ची सरकवली. नानासो तिच्याकडे बघत होते, रागानं नव्हे, भिंगातून पान बघावं तसं. “नारायणरावास्नी ठावं न्हवतं?”

तिला बोलायला जितका वेळ लागला तितक्यात तिला पुष्कळ दिसलं. ठाऊक होतं म्हटलं असतं तर झाड पुन्हा त्याचं झालं असतं. काय माणूस, दहा वर्षं सगळ्यांना घोळात घेतलं, म्हणून ते हसले असते, आणि त्याच्या नावावर अजून एक गोष्ट चढली असती. “नव्हतं,” ती म्हणाली.

“खरं सांगू का,” मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, “मला पहिल्यापासून यात रेषा लागायच्या.” “मागच्या वर्षी पाणचट होतंच,” डॉक्टर किटली हातात धरून म्हणाले. “मी बोललो नाही, म्हटलं नारायणरावांना वाईट वाटेल.” राजेश्वरीनं अनसूयापुढची ताटली उचलली; तिच्या स्वतःच्या ताटलीत साल चाटूनपुसून स्वच्छ होती. डॉक्टरांनी वाडग्यात पाणी ओतलं. वाफ आली, आणि उकडलेल्या पाल्यासारखा वास सगळ्या शेडखाली पसरला.

बुधवारी नानासो खुरपं घेऊन घरी आले. गुडघे धरून खाली बसले आणि खोडाभोवतीची माती त्यांनी हळूहळू काढली, एखाद्याची जखम उघडावी तशी. वीतभर खाली बोटाएवढं काळं बुडखं निघालं, आणि त्याच्या खालून, बाजूनं, खोड. “बियाचं हाय,” ते म्हणाले. हात झटकून त्यांनी वर, पानांत बघितलं. “वैनी, झाड ग्वाड हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पर ह्येला आई न्हाई, बाप न्हाई. वहीत काय लिवू?”

“माझं नाव लिहा.”

ते हसले, पण वाईट हसले नाहीत. “आवं, तुमचं नाव लिवून जात हुती व्हय?”

त्या रात्री तिनं आकारामला फोन केला. तो कडेगावला घरी होता; मागं टीव्ही चालू होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसला. “आक्का, माज्या पिशवीतलं बी ते! आमच्या कँटीनच्या मागं झाड हुतं, त्येचं. आमी येकमेकांस्नी फेकून मारायचो ती फळं. आन् ते लोक त्येला शाल घालत हुते व्हय?” हसता हसता त्याला ठसका लागला. “लय भारी! दाजी वर बसून काय म्हनत असतील गं?” तिलाही हसू यावं म्हणून ती थांबून राहिली. आलं नाही. “आक्का? बोल की. आता त्या लोकांच्यात कशाला जातीस तू? इकडं ये चार दिस.” ती म्हणाली, बघते.

पुढच्या रविवारी कार्यकारिणी बसली. सोमवारी राजेश्वरीचा फोन आला, आवाज लग्नाचं आमंत्रण द्यावं तसा. मडिकेरी ही नोंद रद्द. अकरा घरची अकरा झाडं छाटून त्यांच्यावर खात्रीची काडी बांधायची, पाऊस ओसरला की. “पण काकू, मुख्य गोष्ट पुढेच आहे. नानासोंचे गुडघे गेलेत, डॉक्टरांना वेळ नाही. त्या झाडाला तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं. छाटणीची सगळी जबाबदारी तुमच्याकडे. लोक तुम्हाला विचारून करतील. आणि त्यासाठी तुम्हाला पूर्ण सभासद करून घेतलंय, एकमतानं. नवी काडी तुमच्यासाठी राखून ठेवलीय, ती तुमच्या नावानं नोंदवू.” अनसूयानं थँक्यू म्हटलं. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झालाय. खोटा नव्हे, छातीत मावेना असा. ती मोरीत गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

फोन येऊ लागले. रहिमतपूरहून, सांगलीहून, गोडोलीहून. जी माणसं तिच्याकडून फक्त चहाचा कप घेत आली होती ती आता वही घेऊन बसायची आणि अनसूयाताई म्हणायची. किती ठेवू, कधी कापू, वर काय लावू. ती सांगायची. खोड मनगटाहून जाड असेल तर एक फांदी पहिल्या वर्षी राहू द्या, झाडाला श्वास हवा. जखमेला बोर्डो मलम. उन्हाच्या अंगाला चुना. तिला सगळं येत होतं, पाठ न करता, आणि समोरून पेनाचा आवाज यायचा. प्रत्येक फोननंतर अंगणात जाऊन तिनं आपल्या झाडाकडे बघितलं असतं, पण ती जात नव्हती. अंगण झाडायचं काम तिनं बाईला सांगितलं होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दहा झाडांचं झालं होतं. अकरावं कुंडलचं, नाथाजींचं. ते बैठकांना क्वचित येत. फोन त्यांच्या नंबरवरून आला, पण बोलणारी बाई होती.

“मी राहीबाई बोलती, कुंडलवरनं. नाथाजींची मंडळी. मालक म्हनत्यात, तुमास्नी इचारून झाड तोडायचं.”

“हो. खोड केवढं झालंय?”

“मनगटायेवढं हाय की. पर ताई, वर सात फळं हायत अजून. गेल्या साली चार आली हुती. नातीला भाकरीवर फासून देती मी, मीठ घालून. लय ग्वाड लागतंय. दुसरं काय मागत न्हाई ती.”  मागं कुठंतरी ट्रॅक्टर-ट्रॉली गेली असावी. “झाडाला रोग न्हाई, कीड न्हाई. मग तोडायचं कशापायी?”

इतक्या फोनांत हे कुणी विचारलं नव्हतं. अनसूया खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. उत्तर तिच्याजवळ होतं, तयार, एका शब्दाचं: नका. टेबलावर रविवारच्या बैठकीची सूचना पडली होती. चौथ्या ओळीत, ‘छाटणीचा आढावा: श्रीमती अनसूया जगदाळे, पूर्ण सभासद.’ ती आढावा देणार होती, खुर्चीवर बसून, अकराच्या अकरा झाडांचा. दहा म्हटलं असतं तर नानासोंनी डोळे उघडून बघितलं असतं आणि राजेश्वरीनं हळूच विचारलं असतं, काकू, कुंडलचं का राहिलं?

“मंडळाचा निर्णय आहे तो,” ती म्हणाली.

“ते हाय वो. पर तुमी काय म्हंता? मूळ झाड तुमचंच न्हवं? मालक सांगत हुते, बी तुमी लावल्यालं म्हनून. तुमी ऱ्हाऊ दे म्हनला तर मी मालकास्नी सांगती, ऱ्हाऊ दे म्हनल्या म्हनून.”

 राहीबाई वाट बघत होती, घाई न करता, शेतावरची माणसं बघतात तशी.

“फळं आधी उतरून घ्या,” अनसूया म्हणाली. “मग गुडघ्याएवढं ठेवून कापा. काप तिरका घ्या, राहीबाई. सपाट घेतला तर पाणी साचतं.”